नवी चेन घातली आणि सायकल बिघडली: एका मिड-ड्राइव्ह ई-सायकलचं प्रकरण

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी धाकट्या मेव्हण्याचा फोन आला. तो पुण्यातल्या चांदणी चौकाच्या चढावर रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभा होता. "दाजी, त्या माणसानं माझ्या सायकलची वाट लावली."

तो माणूस म्हणजे कोथरूडमधला सायकल दुरुस्तीवाला. तक्रार अशी की पॅडलवर जोर दिला की 'खाड्' आवाज होतो आणि पॅडल पाव फेरा रिकामंच खाली जातं. सपाटीवर हे नुसतं वैतागवाणं असतं. चढावर उठून पॅडल मारताना झालं तर गुडघा हँडलवर आपटतो, सायकल डुलते, आणि मागून बस येत असते. तो पडला नव्हता, पण चांगलाच हादरला होता.

तीनच दिवसांपूर्वी त्यानं चेन बदलून घेतली होती. जुनी चेन पावसाळ्यात गंजली होती, करकरत होती, पण सायकल पळत होती. नवी चकचकीत चेन पडली आणि सायकल चालेना. अशा वेळी कुणाच्याही मनात जे येईल तेच त्याच्या मनात आलं: चेन नकली आहे, नाहीतर मिस्त्रीला काम येत नाही. मजुरीचे पैसे त्यानं अडवून धरले होते आणि दुकानात शब्दाला शब्द झाला होता.

सायकल साधी नाही, म्हणून आधी तिच्याविषयी. मेव्हणा काही वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीला होता. ते शहर एका खोलगट वाडग्यात वसलेलं आहे. कामाची जागा तळाशी असेल आणि घर काठावर, तर रोजची संध्याकाळ चढणीची. तिथं १८८४ साली सुरू झालेली दातेरी रुळांची एक छोटी रेल्वे मारिएनप्लाट्झहून वर डेगरलोखला जाते आणि चढताना पुढच्या उघड्या डब्यात लोकांच्या सायकलीही घेते. मेव्हण्याला तो डबा कमीपणाचा वाटे. त्यानं कंपनीच्या योजनेतून इलेक्ट्रिक सायकल घेतली. मोटर बॉशची, मागच्या चाकात नव्हे तर क्रँकपाशी, म्हणजे पॅडलच्या दांड्यांच्या मधोमध बसवलेली (यालाच मिड-ड्राइव्ह म्हणतात), जास्तीत जास्त ८५ न्यूटन-मीटर पीळ देणारी. पुढं ३८ दात्यांची एकच चकती, मागं दहा गियरची कॅसेट, म्हणजे ११ ते ४२ दात्यांच्या दहा चकत्यांचा संच. परत येताना घरसामानाबरोबर सायकलही जहाजानं आणली. एवढी मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात घेतच नाहीत, त्यामुळं तिच्या कागदपत्रांनीच सगळ्यांना रडवलं. जानेवारीपासून तो कोथरूड ते हिंजवडी अशी आठवड्यातून तीन-चार दिवस ये-जा करत होता.

माझी ओळख एवढीच की एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात बावीस वर्षं काढली आणि त्यात कन्व्हेअरच्या चेन पुष्कळ पाहिल्या. बायकोच्या लेखी एवढं पुरेसं होतं. "तुम्हाला चेनमधलं कळतं ना, मग बघा की."

पहिल्या दिवशी मी काय चुकलो

सायकल स्टँडवर घेतली. हातानं पॅडल फिरवलं तर सगळं लोण्यासारखं. गियर वर-खाली केले, एकही अडखळला नाही. भार नसताना दोष दिसत नाही, हे खरं तर तिथंच मला खटकायला हवं होतं. पण मी डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या मागं लागलो. केबलचा ताण बघितला, डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर वाकलाय का ते डोळा लावून तपासलं, स्क्रू पाव-पाव फेरा इकडं-तिकडं केला. दोन तास गेले. मग फाटकाबाहेरच्या चढावर स्वतः बसून बघितलं तर पहिल्याच जोरात 'खाड्'.

दुसरा संशय चेनच्या जोडावर. चेन तोडून जोडताना पिन घट्ट बसली की ती एक कडी नीट वळत नाही आणि डिरेलरमधून जाताना टिचकी मारते. पण कडक कडी वेळ पाळते. या चेनमध्ये ११४ कड्या आणि पुढं ३८ दाते, म्हणजे बरोबर तीन पॅडल-फेऱ्यांनी तीच कडी त्याच जागी परत येते. टिचकीही तीन फेऱ्यांनी यायला हवी आणि कुठल्याही गियरमध्ये यायला हवी. इथं तसं काही नव्हतं. जोर दिला की उडी, नाहीतर नाही. आणि हे मला उशिरा सुचलं: उडी फक्त मागच्या लहान तीन चकत्यांवर होती. ११ वर सगळ्यात वाईट, १३ वरही तशीच, १५ वर अधूनमधून. १८ च्या पुढं कितीही रेटा, चेन जागची हलत नव्हती.

दोष चेनमध्ये असता तर तो सगळ्या चकत्यांवर दिसला असता.

भंगाराच्या डब्यातली चेन

दुसऱ्या दिवशी एकटाच दुकानात गेलो. मेव्हण्याला मुद्दाम नेलं नाही. मिस्त्री माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, लहानपणापासून हाच धंदा. मी विचारण्याआधीच त्यांनी नव्या चेनचं रिकामं खोकं काउंटरवर ठेवलं. "साहेब, माल कंपनीचा आहे. सील तुमच्या पाव्हण्यासमोर फोडलंय."

"तुमच्यावर संशय नाही," मी म्हटलं. "जुनी चेन आहे का अजून?"

भंगाराच्या डब्यात हात घालून त्यांनी ती काढली. सोबत एक नवी चेन त्याच मापाची, ११४ कड्यांची करून मागितली आणि दोन्ही भिंतीवरच्या एकाच खिळ्याला शेजारी-शेजारी लटकवल्या. जुनी चेन खाली जवळजवळ दोन सेंटीमीटर जास्त लोंबत होती. कड्या सारख्याच. मिस्त्रींनी दोनदा मोजल्या.

याला लोक 'चेन ताणली' म्हणतात. पोलाद ताणलं गेलेलं नसतं. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आतल्या प्लेटच्या भोकात फिरते, आणि फिरता-फिरता दोघांची झीज होते. भोक सैल झालं की तेवढी पिन सरकते. ११४ सांध्यांत मिळून दोन सेंटीमीटरला थोडी कमी, म्हणजे एकेका सांध्यात मिलिमीटरचा सहावा भाग, डोक्यावरचे दोन-तीन केस शेजारी ठेवावेत एवढी झीज. एका कडीत ती डोळ्यांना दिसत नाही. सगळ्यांची बेरीज खिळ्यावर दिसते.

मग पोलादी फुटपट्टी लावली. सायकलच्या चेनची एक कडी बरोबर अर्ध्या इंचाची, १२.७ मिलिमीटर. २४ कड्या म्हणजे १२ इंच. नव्या चेनवर पहिली पिन शून्यावर धरली की पंचविसावी थेट १२ च्या रेघेवर येते. जुन्या चेनवर ती रेघ ओलांडून चार मिलिमीटर पुढं गेली होती. टक्केवारीत १.३.

खरं सांगायचं तर हा आकडा बघून मला आधी काहीच वाटलं नाही. कारखान्यात आम्ही चेन तीन टक्के लांबेपर्यंत चालवायचो, पुस्तकातही तेच लिहिलेलं असतं. सव्वा टक्का म्हणजे तरणीताठी चेन! पण कारखान्यातली चेन एका जाड चक्रावरून दुसऱ्या जाड चक्रावर जाते आणि आयुष्यभर तिथंच राहते. गियरच्या सायकलीची चेन धावता-धावता एका चकतीवरून दुसरीवर उडी मारते, म्हणून त्या चकत्यांचे दाते पातळ, बुटके आणि मुद्दाम छाटलेले असतात. दहा गियरच्या चेनची बाहेरची रुंदी जेमतेम सहा मिलिमीटर. अशा ठिकाणी पकड थोड्याशाच उंचीवर असते. म्हणून सायकलवाले दहा गियरपर्यंत ०.७५ टक्क्याला आणि अकरा-बारा गियरला ०.५ टक्क्यालाच चेन बदला म्हणतात. माझा तीन टक्क्यांचा अनुभव इथं निरुपयोगी होता.

आता राहिला पुरावा. मिस्त्रींना म्हटलं, ही भंगारातली चेन परत घालू या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी शिळा वडा परत तळायला सांगतोय. पण घातली. क्विक लिंक, म्हणजे पिन न ठोकता जोडता येणारी कडी लावून जोडली, रॉकेलच्या फडक्यानं पुसली, दोन थेंब तेल. मी सायकल घेऊन तोच चढ चढलो, ११ च्या चकतीवर, उठून, पूर्ण जोर लावून.

एकदाही उडी नाही.

चेन आणि कॅसेट जोडीनं म्हातारी होतात

चेन लांबत जाते तशी तिच्या रोलरांमधली, म्हणजे दात्यांवर टेकणाऱ्या गोल नळ्यांमधली अंतरं वाढत जातात. ते वाढलेलं अंतर दात्यांशी जुळत नाही, म्हणून रोलर दात्यांवर थोडे वर चढून बसतात आणि तिथं आपली जागा कोरतात. दाता एका बाजूनं खरवडला जाऊन आकड्यासारखा होतो. लांबलेल्या चेनला हा आकडा सोयीचा असतो, कारण तिनंच तो कोरलेला असतो. त्यावर सरळ मापाची नवी चेन घातली की तिचे रोलर त्या कोरलेल्या जागांत बसत नाहीत. सगळ्या दात्यांत वाटला जायचा भार एका-दोन दात्यांवर येतो, आणि जोर आला की रोलर आकड्यावरून घसरून पुढच्या दात्यावर आदळतो. तोच 'खाड्'. लहान चकतीवर हे आधी होतं, कारण ११ दात्यांपैकी चेनच्या विळख्यात एका वेळी पाच-सहाच असतात. ४२ च्या चकतीवर वीसएक दाते भार वाटून घेतात.

म्हणजे नवी चेन चांगली होती आणि मिस्त्रींचं कामही चोख होतं. कॅसेट आधीच मेली होती आणि जुनी चेन ती गोष्ट झाकून होती.

मिस्त्रींचं चुकलं असेल तर एवढंच की चेन उतरवल्यावर मोजली नाही आणि 'कॅसेटही लागेल' असं आधी सांगितलं नाही. ते त्यांनी लगेच कबूल केलं. "जुनाट सायकल आली की आम्ही आपणहून सांगतो, सगळा सेट बदला. ही दिसायला नवी कोरी. आणि आमच्याकडं येणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलींना असं कधी होत नाही."

त्यांचं हे शेवटचं वाक्य बरोबर आहे आणि पुष्कळांचा घोटाळा इथंच होतो. आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या बहुतेक ई-सायकलींत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात असते. ती चाक थेट फिरवते, तिची ताकद चेनमधून जातच नाही. चेनवर येतो तो फक्त तुमच्या पायांचा जोर, आणि मोटर मदतीला असल्यानं तोही कमीच. अशा सायकलीची चेन साध्या सायकलीएवढी, कधी तिच्याहूनही जास्त टिकते. क्रँकपाशी मोटर असली की पाय आणि मोटर दोघांचाही जोर त्याच एका चेनमधून मागं जातो. तेव्हा 'ई-सायकलची चेन किती टिकते' असं कुणी विचारलं की मी आधी मोटर कुठं आहे ते विचारतो.

"तिकडं पाच वर्षांत चेन बदलली नाही"

संध्याकाळी मेव्हण्याला हे सगळं सांगितलं. तो ऐकायला तयार नव्हता. "दाजी, जर्मनीत मी पाच वर्षं चालवली. चढ याच्या दुप्पट. एकदाही चेन बदलली नाही. इथं नऊ महिन्यांत खलास? काहीतरी इथंच झालंय."

मी म्हटलं, तिकडच्या सर्व्हिसिंगची बिलं आहेत का? होती. तो सगळं जपून ठेवतो. दर वर्षी कंपनीच्या योजनेतून तपासणी व्हायची, सायकल सोडायची आणि संध्याकाळी घेऊन जायची, पैसे परस्पर. बिलं वाचायचा प्रश्नच आला नव्हता. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर ती पसरून बसलो. त्याच्या बहिणीलाच आधी दिसलं. "हे 'केटे' काय आहे रे? सगळीकडं आहे."

केटे म्हणजे चेन. २,३०० किलोमीटरला चेन बदललेली. ४,६०० ला चेन आणि कॅसेट दोन्ही. ६,७०० ला परत चेन. पाच वर्षांत तीन चेन आणि एक कॅसेट बदलली गेली होती आणि मालकाला पत्ता नव्हता! त्याच्या लेखी ती सायकल जन्मापासून त्याच चेनवर चालत होती.

आता हिशेब लागला. मीटरवर १०,३०० होते. म्हणजे भंगारात गेलेली चेन ३,६०० किलोमीटर चालली होती, तिकडच्या नेमापेक्षा दीडपट. त्यातले शेवटचे ३,२०० पुण्यात: कर्वे रस्त्याची धूळ, चार महिने पाऊस, आणि त्यावर मालकानं प्रेमानं ओतलेलं इंजिन ऑइल. घट्ट तेलात धूळ मिसळली की चेनच्या आत पॉलिशचं मलम तयार होतं. फडक्यानं पुसल्यावर बोटांना जी काळी कचकच लागते तीच पिनेला आत रात्रंदिवस घासत असते.

खरा गुन्हेगार: ११ ची चकती

धूळ आणि तेल यांनी अर्धी गोष्ट उलगडते. उरलेली अर्धी मेव्हण्याच्या पायात होती. त्याला विचारलं, कुठल्या गियरमध्ये चालवतोस? म्हणाला, "गियर कशाला बदलायचे, मोटर ओढते की." सायकल कायम ११ किंवा १३ वर, मोड कायम टर्बो, म्हणजे मोटरची सगळ्यात जास्त मदत. सिग्नलला थांबला की त्याच गियरमध्ये, आणि हिरवा झाला की त्याच गियरमधून सुरुवात.

आकडे मांडून दाखवले, कारण तोही इंजिनियर आहे आणि उपदेश त्याला चालत नाही.

माणूस आरामात १०० वॉट देतो असं धरू. या मोटरच्या टर्बोमध्ये मदत ३४० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे त्यावर आणखी ३४० वॉट. सगळ्यात कमी मदतीच्या इको मोडमध्ये तीच ६० टक्के. तेव्हा टर्बोत चेनवर एका माणसाच्या चौपटीहून जास्त ताकद वाहते. ताकद तेवढीच ठेवली तरी पॅडल किती वेगानं फिरतंय यावर चेनचा ताण ठरतो. समजा दोघांचे मिळून ३५० वॉट आहेत. पॅडल मिनिटाला ४५ फेरे असेल तर क्रँकवर ७४ न्यूटन-मीटर पीळ येतो. तेच ८० फेरे असेल तर ४२. ३८ दात्यांच्या चकतीची त्रिज्या साधारण ७७ मिलिमीटर, म्हणजे पहिल्या बाबतीत चेनवरचा ताण जवळपास ९८ किलोचं पोतं टांगल्याएवढा आणि दुसऱ्या बाबतीत ५५ किलोचं. सायकल तेवढ्याच वेगानं चाललेली, मोटरचा खर्च तोच, फक्त गियर हलका. सिग्नलवरून जड गियरमध्ये टर्बोत सुटताना मोटर आपले ८५ पूर्ण देते आणि पायांचे वीस-बावीस धरले तर चेनला त्या क्षणी १४० किलोंच्या आसपास ओढ बसते. दिवसातून तीस-चाळीस वेळा.

आणि दुसरं. चेनची झीज ताणाइतकीच वळण्यानं होते. चकतीवर चढताना आणि उतरताना प्रत्येक कडी वळते. ४२ दात्यांच्या चकतीवर तिला साडेआठ अंश वळावं लागतं, ११ वर जवळजवळ ३३. कमरेत वाकून पोतं उचलणाऱ्या हमालाला रोज चौपट वाकायला लावावं तसं हे. त्यात सगळं काम तीनच चकत्यांवर. दहा चकत्यांच्या कॅसेटमधल्या सात जवळपास नव्या होत्या आणि तीन संपल्या होत्या.

मेव्हणा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे मोटर जोराची आहे म्हणून मी गियर वापरणं सोडलं, आणि मोटर जोराची आहे म्हणूनच ते वापरायला हवे होते." मी मान डोलावली. माझ्या आकड्यांपेक्षा त्याचं वाक्य बरं होतं.

काय केलं

पर्याय तीन होते. पहिला, भंगारातली चेन घालून सायकल तशीच चालवत राहायची, सगळं एकत्र मरेपर्यंत. हा सल्ला कुणी दिला तर मी हसणार नाही. कॅसेट स्वस्तातली असेल, रोजचा पल्ला कमी असेल, तर हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. पण १.३ टक्के लांबलेली चेन पुढच्या चकतीलाही खायला लागते, आणि तुटली तर चढावरच तुटणार. दुसरा, नवी चेन आणि नवी कॅसेट. तिसरा, त्यासोबत पुढची चकतीही.

पुढच्या चकतीवर नवी चेन बसवून पुढच्या टोकाला बोटानं ओढून बघितली. चेन अर्ध्या दात्याएवढी उचलली जात नव्हती, दाते सरळ होते. ती ठेवली. ३८ दाते असल्यानं तिची झीज तशीही सावकाश होते. दुसरा पर्याय ठरला.

कॅसेट मुंबईहून यायला आठवडा लागला. तोवर सायकल भंगारातल्या चेनवरच चालली, मुकाट.

बसवताना एक गोष्ट निघाली जिची अपेक्षा नव्हती. जुनी कॅसेट उतरेचना. कॅसेट आवळून धरणारी लॉकरिंग सुटली, मोठ्या चकत्यांचा रिव्हेट केलेला गठ्ठा निघाला, पण लहान सुट्या चकत्या फ्रीहबला, म्हणजे कॅसेट जिच्यावर चढते त्या खाचांच्या नळीला चिकटून बसल्या. चेन व्हिप, म्हणजे चकती धरायचा चेनचा पान्हा लावून, मागून हळूहळू ठोकून काढल्या तेव्हा दिसलं की मोटरच्या जोरानं त्या पोलादी चकत्या ॲल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये रुतल्या होत्या, खाचांच्या कडांवर त्यांनी चावे घेतले होते. मिस्त्रींनी बारीक कानशीनं कडा सारख्या केल्या, ग्रीसचा पातळ हात दिला आणि नवी कॅसेट चढवली. लॉकरिंगवर ४० न्यूटन-मीटर छापलेलं असतं. तो टॉर्क पान्हा त्यांच्याकडं नव्हता, माझा नेला. ते म्हणाले, "हाताला कळतं साहेब." पान्हा लावल्यावर आणखी अर्धा फेरा फिरली. यावर दोघंही काही बोललो नाही.

मेव्हण्यानं अडवलेली मजुरी दिली, या कामाचीही दिली, आणि चहा सांगितला. माफी वगैरे शब्द कुणी काढला नाही, पण चहा तिघांनी घेतला.

पुढचे पाच महिने

चेन मोजायचा गेज घेतला. पत्र्याची एक पट्टी, दोन बाजूंना ०.५ आणि ०.७५ असे दाते. दाता कड्यांमध्ये पूर्ण आत पडला की चेन तेवढी लांबली. या पट्टीचा एक दोष आहे: ती रोलरच्या सैलपणालाही लांबी समजते, त्यामुळं कधी-कधी थोडी घाईनं इशारा देते. फुटपट्टी खरी, पण दर दोन आठवड्यांनी फुटपट्टी कोण लावणार? ठरवलं की दर ३०० किलोमीटरला गेज, आणि ०.५ आत पडलं की वाद न घालता चेन बदलायची. दहा गियरला ०.७५ चालतं खरं, पण ते बिनमोटरच्या सायकलचं गणित. क्रँकपाशी मोटर असताना शेवटच्या पाव टक्क्यात कॅसेट किती खाल्ली जाते ते आम्ही पाहिलं होतं, आणि तिची किंमत चेनच्या अडीचपट होती.

इंजिन ऑइल बंद. सुरुवातीला मी उत्साहानं मेण सुचवलं. चेन पूर्ण धुऊन, वाळवून, वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवायची. धूळ चिकटत नाही, हात काळे होत नाहीत. दोनदा केलं. तिसऱ्या वेळी बायकोनं त्या भांड्याबद्दल जे विचारलं त्यानंतर मेणाचा विषय निघाला नाही. आता साधं चेनचं तेल, एकेका रोलरवर एकेक थेंब रात्री टाकायचं आणि सकाळी बाहेरून कोरडं पुसायचं. पुसणं टाकण्याहून महत्त्वाचं. तेल आत पाहिजे, बाहेर राहिलं तर ते फक्त धूळ गोळा करतं. गाडी धुवायच्या प्रेशर पंपाखाली सायकल नेणंही बंद केलं.

गियरची सवय लागायला सगळ्यात जास्त वेळ गेला. सिग्नल दिसला की थांबण्याआधीच हलक्या गियरमध्ये येणं, गियर बदलताना पायाचा जोर अर्धा क्षण सोडणं, टर्बो फक्त चढाला. पहिले पंधरा दिवस तो म्हणायचा की सायकल मंद झाली. मीटरवर बघितलं तर पोचायला लागणारा वेळ तेवढाच होता, कारण २५ च्या पुढं मोटर तशीही मदत करत नाही.

गेजच्या नोंदी वहीत आहेत. ३०० ला काही नाही. ६०० ला काही नाही. ९०० ला ०.५ चा दाता टेकला, आत गेला नाही. १,२०० आणि १,५०० ला थोडा-थोडा खाली. १,८५० ला, होळीच्या आठवड्यात, अलगद आत पडला. फुटपट्टीवर १२ इंचांना दीड मिलिमीटर.

मेव्हणा हिरमुसला. "एवढं करून जर्मनीहून कमीच चालली." होय, कमीच. पुण्याची धूळ स्टुटगार्टमध्ये नाही, आणि तिकडची चेन काढताना कितीवर होती हे बिलात लिहिलेलं नव्हतं. शिवाय पावसाळा अजून यायचाय, तेव्हा हा आकडा आणखी खाली येईल असा माझा अंदाज.

पण मला बघायची होती ती चेन नव्हे, कॅसेट. शनिवारी दुकानात गेलो. मिस्त्रींनी दुसरी नवी चेन घातली. जुनी चेन अजून त्याच खिळ्याला लटकत होती; त्यांनी ही उतरवलेली तिच्या शेजारी लावली, आणि आता तिथं तीन लांब्या दिसत होत्या. मेव्हणा सायकल घेऊन समोरच्या चढाला लागला. मी आणि मिस्त्री दुकानाच्या पायरीवर उभे राहून कान देत होतो. तो वर गेला, वळला, खाली आला. उडी नाही. परत वर. १५ वर, १३ वर, ११ वर. काही आवाज नाही.

तिसऱ्या खेपेला तो आमच्यासमोर येऊन पूर्ण थांबला, गियर ११ वरच ठेवला, अंगठ्यानं टर्बो लावला आणि उठून पॅडलवर उभा राहिला.

"दाजी, बघा हं, आता सगळ्यात जास्त जोर देऊन..."

"अरे, तेच करू नको म्हणून पाच महिने सांगतोय ना!" मी ओरडलो, पण तोवर तो चढाच्या मध्यावर पोचला होता.